पाय टेकतील अशी सायकल

चष्म्याच्या काचा घासायच्या त्या कारखान्यात तिला सगळे लवंगी म्हणायचे. उंची पावणेपाच फूट, तीही चपलेसकट, आणि जीभ अशी की समोरच्याच्या डोळ्यांत पाणी यावं. घासायच्या चाकापुढे ती लाकडी खोक्यावर उभी राहायची. एखादा नवखा त्या खोक्याकडे बघून गालातल्या गालात हसला की म्हणायची, "हसून घ्या. आणि देवाने उंची दिलीच आहे तर जरा पंख्यावरची धूळ पुसा." तो बिचारा खरंच कापड घेऊन पुसायला लागायचा.

तर अशी ही लवंगी. पण तोंडाने तिखट असलेलं माणूस आतूनही तिखट असतं, असं कुणी सांगितलं? चाळिशी उलटली तरी जिन्यातला दिवा गेला की ही बया मोठमोठ्याने बोलत वर चढायची. सोबत कुणी नसायचंच. स्वतःशीच भांडायची, म्हणजे पायरीवरच्या अंधाराला वाटावं दोघी आहेत. आणि सगळ्यात जास्त भीती तिला दुपारची वाटायची.

दुपारची भीती म्हणजे आईची भीती. दोन वर्षांमागे आईला झटका आला आणि तिची डावी बाजू गेली. डोकं शाबूत, जीभ त्याहून शाबूत. लवंगी कुणावर गेली हे आईशी दोन वाक्यं बोललं की कळायचं. खिडकीपाशी खुर्चीत बसवलं की ती दिवसभर बसे, उजव्या हाताने जेवे, रेडिओवरच्या बातम्यांना उलट उत्तरं देई. मात्र बाथरूमला जायचं तर धरायला माणूस हवं. सकाळी कामावर जायच्या आधी लवंगी न्यायची, दुपारच्या सुट्टीत येऊन न्यायची, मग संध्याकाळी. कारखाना गल्लीच्या टोकालाच होता, त्यामुळे हे सगळं बिनबोभाट चाललं होतं.

मदतीला बाई ठेवायची की नाही? ठेवली होती. पहिलीचे हात गार लागतात म्हणून आईने तिला दुसऱ्या दिवशी वाटेला लावलं. दुसरी म्हणाली, "चला आजी, शू करून येऊ." आईने तिच्याकडे असं काही बघितलं की ती पगाराला थांबली नाही. आणि डॉक्टरांनी डायपरचं नाव काढलं तेव्हा आई म्हणाली, "तुमच्या आईला बांधता का? मग मला कशाला?" डॉक्टरांनी विषय बदलला.

मग कारखाना हलला. मालकाने उड्डाणपुलाच्या पलीकडे मोठी शेड घेतली. चाकं नवी, दिवे पांढरेशुभ्र, उजेडच उजेड. बाकीचे खूश झाले. लवंगी शेडपासून घरापर्यंतची मिनिटं मोजायला लागली. बसने यायचं म्हटलं तर बस तिच्या मनाची राणी. कधी लगेच यायची, कधी अर्धी सुट्टी स्टॉपवर संपायची. मध्ये एक दिवस बस आलीच नाही, लवंगी पूल चालत उतरून धापा टाकत घरी पोचली, आणि आई बाथरूमच्या उंबऱ्यात आडवी पडलेली होती. हाड मोडलं नव्हतं. कपाळाला टेंगूळ आणि कोपर सोललेलं. आई म्हणाली, "काही नाही झालं, उगाच तोंड असं करू नकोस." आईला उचलायच्या आधी लवंगीच शेजारी फरशीवर बसली.

हे दादाच्या कानावर गेलं. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, दुसऱ्या शहरात नोकरीला. माणूस वाईट नाही, अगदी नाही. औषधं तो पाठवायचा, सुट्टी मिळाली की यायचा. पण त्या दिवशी फोनवर त्याचा आवाज निराळाच होता.

"माझ्या फोनची घंटा वाजली ना, की माझं काळीज हलतं. दर वेळी वाटतं, आता तू सांगणार आई फरशीवर सापडली म्हणून. हे असं नाही चालायचं. पुढच्या महिन्यात पहिल्या आठवड्यात मी येतो, एक दिवस घरी बसतो. दुपारी तू वेळेत येतेस का ते बघतो. जमत नसेल तर आईला आपण वृद्धाश्रमात ठेवू. चांगला आहे, मी जाऊन बघून आलोय."

जाऊन बघून आलोय, हे तिला झोंबलं. म्हणजे तिकडे खाटसुद्धा ठरली असेल. तिच्या जिभेवर शंभर उत्तरं होती, पण ती "ये" एवढंच म्हणाली. कारण तिलाही तेच वाटत होतं. तिलाही रोज दुपारी घराची किल्ली लावताना आधी फरशीच दिसायची.

बॅटरीच्या सायकलची कल्पना कारखान्यातल्या खांबाची. खांब म्हणजे काचा तपासणारा तिचा सहकारी, सव्वासहा फूट, स्वभावाने गाय. तो म्हणाला, "पूल चढताना मोटर ढकलते. दम लागत नाही. दहा-बारा मिनिटांत घर. स्कूटर तुला पेलायची नाही, ही पेलेल. सायकल येते ना तुला?"

"येते म्हणजे काय," लवंगी म्हणाली. "दादाची सायकल मीच झिजवली."

खोटं नव्हतं. लहानपणी घरात एकच सायकल होती, दादाची, तिच्या कानाइतकी उंच. तिच्यावर बसायची लवंगीची एक रीत होती. डावा पाय पॅडलवर ठेवायचा, उजव्याने जमिनीला रेटे द्यायचे, सायकल धावायला लागली की टांग टाकायची. थांबायचं झालं की उडी मारायची. सीटवर बसून जमिनीला पाय टेकलेत असं तिच्या आयुष्यात कधी घडलंच नव्हतं. बुटक्या माणसांना ही रीत कुणी शिकवत नाही, ती आपोआप येते आणि मरेपर्यंत जात नाही.

पहिलं दुकान काचेचं, चकाचक. विक्रेता टाय लावलेला, गोड बोलणारा. त्याने एक निळी सायकल पुढे काढली आणि सीट दाबून दाखवली. "पूर्ण खाली घेतलीय, मॅडम. खाली बॅटरी असल्यामुळे याहून खाली जात नाही. पण एक पाय टेकला की झालं. सगळे तशीच चालवतात."

ती सीट लवंगीच्या बरगडीला लागत होती. तिचा एक पाय सोडा, अंगठासुद्धा टेकला नसता. सांगायचं एवढंच होतं, की अहो, माझे पाय पोचत नाहीत. पण हे वाक्य तिने जन्मात कुणापुढे उच्चारलेलं नव्हतं. बसमधल्या कडीला हात पोचत नसला तर ती म्हणायची, मला न धरताच उभं राहायला आवडतं. कपाटातला डबा हवा असला तर स्टूल आणायची आणि वर म्हणायची, जाळी झाडायचीत. आताही तिने मान ताठ केली आणि म्हणाली, "चालवून बघते."

दुकानासमोरच्या मोकळ्या जागेत तिने हँडल धरलं, आणि सवयीने डावा पाय पॅडलवर ठेवून सगळा भार टाकला, रेटा द्यायला.

आता त्या सायकलचा काय दोष? पायाचा जोर ओळखायचा आणि तेवढी मोटर लावायची, एवढंच तिला शिकवलेलं. तिला वाटलं, चालवणारा जीव खाऊन पॅडल मारतोय. सायकलने जी झेप घेतली, ती लवंगीला लोंबकळत घेऊनच. उजवा पाय हवेत, डावा पॅडलवर, तोंडातून आवाज नाही. ब्रेक दाबायला बोटं लांबवली तर ती ब्रेकपर्यंत पोचेनात, तो दांडा मोठ्या पंजांसाठी केलेला. समोर स्कूटरी ओळीने लावलेल्या होत्या. पहिली पडली, तिने दुसरीला घेतलं, आणि सगळ्यांच्या वर लवंगी.

विक्रेता धावत आला. "मॅडम, आधी सीटवर बसायचं असतं, मग पॅडलवर पाय."

गुडघ्यातून रक्त येत होतं, हनुवटी सोललेली. एरवी तिने त्याचा टाय त्याच्या गळ्यात उलटा बांधला असता. पण तिला बोलताच येईना.  ती उठली, कपडे झटकले आणि चालायला लागली. दोन गल्ल्या ओलांडल्यावर एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून ती रडली. लागलं म्हणून नाही. तिच्या मनात एकच चित्र होतं. ती पुलाखाली मरून पडलीय, आणि घरात आई खुर्चीत बसून दाराकडे बघतेय, आणि कुणीच येत नाहीये.

त्यानंतर आठवडाभर ती सायकलकडे बघेना. रस्त्यात मागून सर्रकन आवाज आला तरी भिंतीला चिकटायची. आईला सांगितलं, कारखान्यात खोक्यावरून घसरले. आईने हनुवटीकडे बघितलं आणि काही बोलली नाही, आणि आई काही बोलली नाही म्हणजे तिला पटलेलं नसायचं. बसची तीच रड. दोनदा उशीर झाला, शेडच्या साहेबांनी घड्याळाकडे बघून घसा साफ केला. इकडे महिना अर्ध्यावर आला आणि दादाचा फोन आला की तिकीट काढलंय.

शेवटी खांबच म्हणाला, "भाजी बाजारामागे एक बाई सायकली विकतात. मी येतो सोबत."

"येऊ नकोस," लवंगी म्हणाली. "तू शेजारी उभा राहिलास की मी आणखी बुटकी दिसते."

हे दुकान म्हणजे बोळात घुसवलेली खोली. मालकीण बाई पन्नाशीच्या पुढच्या, चांगल्या जाडजूड, हातांना ग्रीस. एक चाक मांडीवर घेऊन तार बसवत होत्या. त्यांनी लवंगीला बस म्हटलं नाही, की कुठला रंग हवा ते विचारलं नाही. हनुवटीवरच्या खपलीकडे बघून विचारलं, "पडलात का?"

"पडले."

"मग आता कशाची भीती वाटते? चालवायची?"

लवंगीने तोंड उघडलं. नेहमीप्रमाणे काहीतरी झणझणीत येईल असं तिलाच वाटलं. पण बाहेर आलं ते भलतंच.

"चालवायची नाही. थांबायची. माझे पाय पोचत नाहीत हो. कुठल्याच सायकलवर पोचत नाहीत. सुरू केलं की थांबताच येत नाही, उडीच मारावी लागते. आता या वयात ट्रकच्या पुढ्यात कुठे उडी मारू?"

बोलून झालं आणि तिचे कान गरम झाले. बाई हसल्या नाहीत. चाक बाजूला ठेवलं, हात पुसले आणि कोपऱ्यातून एक करड्या रंगाची, छोट्या चाकांची सायकल ओढत आणली. मधला दांडा इतका खाली की पाय नुसता उचलून पलीकडे टाकावा. दिसायला अगदीच पोराटकी. लवंगीच्या मनात आलं, कारखान्यात काय काय ऐकून घ्यावं लागेल.

"बसा," बाई म्हणाल्या. "चालवू नका. नुसत्या बसा."

लवंगी बसली. तिने पाय खाली सोडले, नेहमीसारखे अधांतरी लोंबतील म्हणून अंग आवळून घेतलं. आणि पाय टेकले. अंगठे नव्हेत, टाचासुद्धा. दोन्ही. ती खाली बघतच राहिली. पुन्हा उचलले, पुन्हा टेकवले. बाईंना वाटलं असेल, ही काय वेडी आहे.

मग बाईंनी ब्रेकचा स्क्रू पिळून दांडे तिच्या बोटांजवळ आणले. हँडल तिच्याकडे ओढून घेतलं. सायकल आडवी पाडली आणि म्हणाल्या, "उचला. स्वतःची गाडी स्वतःला उचलता आली पाहिजे." लवंगीने कण्हत का होईना, उचलली. बॅटरी काढून घरात नेता येते ते दाखवलं. मोटर सगळ्यात हळू चालेल अशी लावून दिली. आणि एक गोष्ट चार चारदा बजावली. पॅडलला पाय लावायच्या आधी ब्रेक दाबायचा. ब्रेक दाबलेला असला की मोटर मेलेली. निघायचं ठरलं की मगच सोडायचा.

"आणि चाकं लहान आहेत," बाई म्हणाल्या. "खड्ड्यात आणि फटीत दणका जास्त बसणार. ते मी बदलू शकत नाही. उंच घ्याल तर दणका कमी, पण थांबता येणार नाही. दोन्ही एकात मिळत नाही."

लवंगीने करडी घेतली.

घेतली म्हणजे भीती गेली असं नाही. शाळेच्या मैदानावर पोरं यायच्या आधी ती सराव करायची, आणि डावा पाय तिला न विचारता पॅडलकडे जायचा. इतक्या वर्षांची खोड. ती पायाला मोठ्याने दम द्यायची, "ए, मागे हो." रखवालदार लांबून बघत राहायचा. ती सकाळ-दुपार पूल ओलांडायला लागली तेव्हा तर निघायच्या आधी तिच्या हातांना घाम सुटायचा. पुलावर ठराविक अंतरावर लोखंडी पट्ट्या होत्या, त्यांवरून छोटं चाक गेलं की मणक्यातून ठणका निघायचा. उजवीकडून ट्रक जायचे आणि त्यांच्या वाऱ्याने सायकल डगमगायची. पूल उतरेपर्यंत ती श्वास घेत होती की नाही हे तिलाच सांगता आलं नसतं. घरी पोचल्यावर मात्र जिन्यात क्षणभर थांबून तोंड पुसायची आणि आत जाऊन म्हणायची, "काय गं, आज कुणाशी भांडलीस रेडिओवर?" आईला न्यायची, बसवायची, ताट पुढे करायची, की परत पूल. पण वेळेत. रोज वेळेत. खांब म्हणाला, "लवंगी, जमलं की तुला." ती म्हणाली, "गप बस, दृष्ट लावू नकोस." पहिल्यांदाच तिला वाटलं, दादा येऊ दे, बघू दे.

दादा सकाळीच आला. ती निघताना तो आईजवळ स्टूल ओढून बसला होता, पेपर वाचून दाखवत. "दुपारी ये वेळेवर," तो म्हणाला, हसून, पण त्याच्या हातावर घड्याळ होतं आणि तो ते सारखा बघत होता.

दुपारी ती निघाली तेव्हा वारा होता. पुलाच्या चढावर मोटरने घरघर सुरू केली, मधोमध पोचली, आणि मागून हॉर्न आला. एक मोठा ट्रक, लोखंडी सळया लादलेला, शेपटासारख्या सळया मागे लोंबतायत. तो इतक्या जवळून गेला की एका सळईचं टोक तिच्या डोळ्यांपुढून सरकलं. पुढचं चाक पट्टीवर आपटलं, हँडल वळलं, कठडा अंगावर आला. तिने दोन्ही ब्रेक दाबले आणि पाय खाली टाकले.

पाय टेकले. ती थांबली. पडली नाही, कशावर आपटली नाही. पुलाच्या मधोमध, कठड्याला कोपर टेकून, दोन्ही टाचा जमिनीवर. त्या उंच निळ्या सायकलवर असती तर काय झालं असतं ते तिला कठड्याखाली दिसत होतं. खाली दुसरा रस्ता होता, खूप खाली.

आता निघायचं. ब्रेक दाबून उजवा पाय पॅडलवर ठेवायचा, एवढंच. पण पाय उठेना. तिने त्याला सांगितलं, दम दिला, विनवलं. मागून आणखी एक ट्रक आला आणि गेला, मग बस, मग पुन्हा ट्रक. प्रत्येक वेळी तिने डोळे मिटले. पाचावर धारण बसणं म्हणतात ते हेच असावं. डोक्यात एकीकडे आई खुर्चीत बसलेली, दादा घड्याळ बघतोय, सगळं समजत होतं, आणि पाय मात्र कुणा परक्या माणसाचे. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी ती सायकलवरून उतरली, कठड्याला अंग घासत, ती जड सायकल ढकलत ढकलत चालायला लागली. पूल संपला तरी बसली नाही. घरापर्यंत तशीच चालली, आणि सगळा रस्ता तिला कळत होतं की आपण हरलो.

दादा जिन्यात बसला होता. पायरीवर, डोकं हातात धरून. तिला बघून उठला.

"पडली?" लवंगीने विचारलं. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

"नाही. मी होतो ना." दादाचा चेहरा उतरलेला होता. "मी म्हटलं, मी नेतो तुला. म्हणाली, मुलाने नाही न्यायचं. म्हटलं, शेजारच्या काकूंना हाक मारतो. म्हणाली, नको, ती येईल. दर दोन मिनिटांनी तेच, ती येईल, ती येईल. आणि मग..." त्याने हाताने दाराकडे दाखवलं. "मला बाहेर काढलं तिने. तू जा आत."

आई खुर्चीतच होती. उजव्या हाताने कसाबसा टॉवेल ओढून तिने मांडीवर घेतला होता. खुर्चीखाली फरशीवर ओल पसरलेली.  पोराच्या देखत हे झालं, आणि तेही आईच्या बाबतीत. डायपरवरून डॉक्टरला गप्प करणाऱ्या आईच्या.

"पडलीस का?" आईने विचारलं.

"नाही."

"खरं सांग. मागच्या वेळी खोक्यावरून पडलेलीस."

"नाही गं, पडले नाही. थांबले होते. पुलावर. ट्रक आला आणि मी इतकी घाबरले की मला पाय उचलताच येईना. चालत आले." लवंगी खाली बसली, आईचे ओले कपडे सोडवायला लागली. "मला त्या पुलाची रोज भीती वाटते, आई. रोज. तुला सांगितलं नाही."

 लवंगीने तिला पुसलं, कोरडे कपडे घातले, फरशीवर फडकं फिरवलं. दार अर्धवट उघडं होतं, दादा बाहेर उभा असल्याचं त्याच्या सावलीवरून कळत होतं.

"सकाळी दोन भांडी पाणी प्यायले मी आज," आई म्हणाली.

"बरं केलंस."

"आधी पीत नव्हते."

लवंगीचा फडकं धरलेला हात थांबला. "म्हणजे?"

"त्या दिवशी उंबऱ्यात पडले तेव्हापासून. बस मिळेल न मिळेल, तू येशील न येशील. म्हणून दुपारपर्यंत घोटसुद्धा घ्यायचे नाही. तू ठेवलेला चहा खिडकीतल्या कुंडीत ओतायचे. ते झाड काय उगाच मेलं?" आईने जीभ ओठांवरून फिरवली. "तुझी सायकल आली आणि तू वेळेवर यायला लागलीस. मग म्हटलं, आता प्यायला हरकत नाही. तेव्हापासून पिते."

लवंगीला रडू आलं ते तिने आवरलं नाही. एवढे दिवस आपण फरशी बघत होतो आणि आई शेजारी भरलेलं भांडं ठेवून तहानलेली बसत होती. आणि आता कुठे ती पोटभर प्यायला लागली, तर आपण पुलावर उभे.

दादा आत आला. त्याने डोळे पुसल्याचं कळत होतं. "आई, तिकडे चोवीस तास माणसं असतात गं," तो म्हणाला, पण त्याच्या बोलण्यात जोर नव्हता. "हाक मारली की येतात."

"असतील," आई म्हणाली. "त्यांच्या भरवशावर मी पाणी पिणार नाही."

 दादा खाली बघत राहिला. मग लवंगीच म्हणाली, "आई, माझा भरवसा धरू नकोस. मी उद्याही थांबेन. परवाही थांबेन. ही भीती जाईल असं मला वाटत नाही."

"थांब की. मी कुठे नको म्हटलं?" आईने चांगल्या हाताने तिच्या हनुवटीवरचा जुना व्रण चाचपला. "घाबरलीस तर थांब. पाय टेकून उभी राहा. मग ये. कपडे काय, बदलता येतात. ट्रकच्या पुढे मात्र जाऊ नकोस." मग तिने दादाकडे वळून बघितलं. "ते भांडं भरून आण रे."

दादा भांडं हातात घेऊन घुटमळला. त्याने लवंगीकडे बघितलं.

"तिच्याकडे काय बघतोस, भर."

त्याने काठोकाठ भरून आणलं. आई प्यायला लागली. तोंडाच्या लुळ्या बाजूने पाणी ओघळत होतं, दादा टॉवेलने टिपत होता. लवंगी बघत होती, एकेक घोट खाली उतरताना, आणि आता तिला तो पूल परत जाताना चढायचा होता आणि संध्याकाळी उतरायचा होता, वाऱ्यात, ट्रकांत. आईने शेवटचा थेंबही ठेवला नाही.

"आता संध्याकाळी ये," ती म्हणाली.

"आज मी आहे ना, आई," दादा म्हणाला.

"तू उद्या जाशील. ही येईल."

लवंगीने हेल्मेटचा पट्टा लावला. पहिल्यांदा नीट बसला नाही, पुन्हा लावला. मग ती जिना उतरली.